बिओबिओच्या दक्षिणेला: मापुचे मुलखातील दिवस

रविवार रात्र, सांतियागो ते तेमुको

सांतियागोहून तेमुकोला जाणारी रात्रीची बस पावणेसातशे किलोमीटरचे अंतर आठ-नऊ तासांत कापते आणि बहुतेक प्रवासी हा प्रवास झोपेतच उरकतात. नोकरीनिमित्त सांतियागोत राहणारा माझा मामेभाऊ दुभाषी म्हणून बरोबर होता. लोस आन्हेलेस मागे पडले की मला उठवायचे, एवढे मी त्याला बजावून ठेवले होते. या शहराच्या दक्षिणेला महामार्ग बिओबिओ नदी ओलांडतो आणि मला चिलीतील मापुचे या आदिवासी समाजाचा जो मुलूख पाहायचा होता त्याची जुनी वेस हीच नदी आहे. पहाटेच्या अंधूक उजेडात रुंद, संथ पात्र दिसले. "ताई, ही बघ तुझी नदी," एवढे बोलून भाऊ पुन्हा झोपी गेला.

1598 मध्ये कुरालाबा येथे मापुचे योद्ध्यांनी खुद्द स्पॅनिश गव्हर्नरला ठार मारले आणि पुढच्या काही वर्षांत नदीच्या दक्षिणेकडील स्पॅनिश शहरे एकामागून एक पडली. इन्कांचे अवाढव्य साम्राज्य ज्यांनी बघता बघता धुळीस मिळवले, त्याच स्पॅनिशांना 1641 मध्ये किलिन येथे मापुचे प्रमुखांपुढे बसून बिओबिओ ही सरहद्द मान्य करावी लागली. स्पेनची सत्ता गेल्यावर नव्या चिली प्रजासत्ताकानेही 1825 मध्ये तापिउए येथे मापुचेंशी तह केला. आज ज्याला आपण दक्षिण चिली म्हणतो त्याचा मोठा भाग स्वतंत्र चिलीच्या जन्मानंतरही अर्धशतकाहून अधिक काळ चिलीच्या ताब्यात नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवली नाही तर या भागात पुढे दिसणाऱ्या कोणत्याही गोष्टीचा उलगडा होत नाही. 1861 ते 1883 या काळात कोर्नेलियो साआवेद्रा आणि त्याच्यानंतरच्या सेनाधिकाऱ्यांनी एकेक नदी ओलांडत, एकेक किल्ला बांधत हा मुलूख जिंकला. त्याच सुमारास अँडीजच्या पलीकडे अर्जेंटिनाचे सैन्यही मापुचेंवर चालून गेले होते, त्यामुळे पर्वत ओलांडून आसरा घेण्याचीही सोय उरली नाही.

कोयिपुयीजवळ मायेको नदीच्या खोल दरीवरचा लोखंडी रेल्वे पूल महामार्गावरूनच दिसतो. 1890 मध्ये राष्ट्राध्यक्ष बाल्मासेदा यांनी त्याचे उद्घाटन केले. तो सुमारे शंभर मीटर उंच आहे आणि चिलीतील लोक त्याचे मोठ्या अभिमानाने छायाचित्र काढतात. गाडीतील दोघातिघांनी ते काढलेही. जमीन जिंकल्यानंतर सातच वर्षांत एवढा खर्चिक पूल का उभा राहिला असेल, याचे उत्तर पुलाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या गव्हाच्या शेतांत आणि पाइनच्या रांगांत आहे. पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला लष्कराची एक चिलखती गाडी उभी होती आणि तिच्यावर बसलेला तरुण सैनिक जांभया देत होता. आराउकानिया प्रांतात आणि शेजारच्या आराउको व बिओबिओ या जिल्ह्यांत मे 2022 मध्ये आणीबाणी लागू झाली आणि तिला चिलीच्या संसदेच्या संमतीने पुनःपुन्हा मुदतवाढ मिळत आली. मी गेले ते 2025 च्या जानेवारीत; तोपर्यंत ही आणीबाणी लोकांच्या अंगवळणी पडली होती.

सोमवार, तेमुको

फेब्रुवारी 1881 मध्ये किल्ला म्हणून वसवलेले तेमुको आज मोठे, गजबजलेले शहर आहे. सकाळी पिंतो बाजारात गेलो. धुरावर सुकवलेल्या मिरचीत धने कुटून केलेल्या मेरकेनची लालसर पूड, समुद्रशेवाळाच्या गुंडाळ्या आणि आराउकारिया वृक्षाच्या बिया घेऊन मापुचे बायका बसल्या होत्या. बाजारात बसायला जागा आहे. शहराच्या मध्यवर्ती रस्त्यांवर मात्र पालिकेने फेरीविक्रीला बंदी घातलेली आहे आणि कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना पोलिसांनी ओढून नेल्याची दृश्ये गेल्या काही वर्षांत देशभर पाहिली गेली. एका बाईंकडून मेरकेन घेतले. त्यांची सून वहीवर हिशेब लिहीत होती; तिने भावाला विचारले की आम्ही कोणत्या देशाचे, आणि उत्तर ऐकल्यावर तुमच्याकडे मिरची धुरावर धरतात की उन्हात, हा पुढचा प्रश्न केला.

दुपारचा वेळ मी ज्यासाठी राखून ठेवला होता ते ठिकाण पर्यटकांच्या यादीत नसते. आदिवासींच्या कारभारासाठी 1993 च्या कायद्याने स्थापन झालेल्या कोनादी या सरकारी संस्थेचे मुख्यालय तेमुकोत आहे आणि त्याच कायद्याने निर्माण झालेला आदिवासी व्यवहारांचा दफ्तरखानाही येथेच आहे. 1884 ते 1929 या काळात सरकारी आयोगाने मापुचे कुटुंबप्रमुखांच्या नावे जी मालकीपत्रे दिली ती येथे जपून ठेवलेली आहेत. जवळजवळ तीन हजार पत्रे आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख हेक्टर जमीन. मूळ मुलूख साधारण एक कोटी हेक्टरांचा धरतात, म्हणजे विसातला एक भाग हाती आला आणि उरलेला सरकारजमा होऊन लिलावाने किंवा युरोपातून मुद्दाम आणलेल्या स्विस, जर्मन, फ्रेंच वसाहतवाल्यांना वाटून गेला.

एका पत्राची प्रत आम्हाला टेबलावर पाहायला मिळाली. वळणदार हस्ताक्षरात आधी प्रमुखाचे नाव, मग त्याच्या घरातील बायकामुलांची आणि नातेवाइकांची नावे, शेवटी चतुःसीमा: उत्तरेला अमुक ओहोळ, पूर्वेला सरकारी जमीन, दक्षिणेला अमक्या वसाहतवाल्याची हद्द. सोबतच्या नकाशात ओहोळ निळ्या शाईने काढलेला आणि प्रत्येक कोपऱ्यावर अंतर व दिशा लिहिलेली. नकाशा मला फार नेटका वाटला, आणि तो नेटका असणे हेच पुढच्या शंभर वर्षांच्या भांडणाचे कारण आहे. कारण यातील कितीतरी जमिनींवर पुढे शेजारच्या जमीनदारांनी कुंपण सरकवत नेले, खोट्या खरेदीखतांनी कब्जा केला, आणि त्या जमिनीवर आज ज्यांची नावे लागलेली आहेत त्यांच्याकडेही रीतसर शिक्क्याचे कागद आहेत. मापुचेंकडे सरकारने दिलेला कागद आहे आणि कंपनीकडेही सरकारने मान्य केलेला कागद आहे; दोन्ही एकाच ओहोळाच्या काठाचे. शिवाय 1884 पूर्वी वापरात असलेली गुरचरणे, देवराया, झरे यांचा तर कोणत्याच कागदावर उल्लेख नाही. आमच्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारे जोडपे अशाच पत्राची प्रमाणित प्रत मागायला आले होते आणि कारकून त्यांना आजोबांचे आडनाव त्या काळी कसे लिहीत असत ते शांतपणे विचारत होता.

संध्याकाळी न्येलोल टेकडीवर गेलो. 1881 मध्ये शहर वसवताना मापुचे प्रमुखांशी जेथे बोलणी झाली असे सांगतात ती जागा पातागुआ वृक्षाखाली दाखवली जाते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मापुचेंनी सर्वत्र एकाच वेळी उठाव केला होता.

मंगळवार, एर्सिया

मापुचेंच्या शौर्याचे पोवाडे गाणाऱ्या सोळाव्या शतकातील स्पॅनिश सैनिक-कवीचे नाव ज्या गावाला दिले आहे, ते एर्सिया आज चिलीतील सर्वांत कडक पोलिसी पहारा असलेल्या गावांपैकी एक आहे. कवितेतला मापुचे चिलीला प्रिय आहे. लष्करी जहाजांना, चौकांना, फुटबॉल संघांना त्याची नावे दिलेली आहेत. कुंपणापलीकडचा मापुचे हा वेगळा विषय. जवळच पायलाउएके येथे एका जुन्या माध्यमिक शाळेच्या इमारतीत विशेष पोलिसांचा तळ आहे. वाळूची पोती, तारांचे भेंडोळे आणि त्यामागे शाळेच्या लांब खिडक्या तशाच.

आमच्या चालकाने, जो स्वतः मापुचे होता आणि ज्याला भाऊ त्याच्याच रीतीने 'पेन्यी', म्हणजे दादा, अशी हाक मारू लागला होता, तेमुकुइकुइच्या फाट्यापर्यंतच गाडी नेली. आत ओळखीशिवाय जाण्याचा प्रश्न नव्हता. मार्च 2022 मध्ये पदभार घेऊन चार दिवस झालेल्या महिला गृहमंत्री, पोलिसांच्या गोळीने मेलेल्या कामिलो कात्रियांका या तरुणाच्या वडिलांना भेटायला याच वाटेने निघाल्या होत्या, तेव्हा हवेत गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांना माघारी फिरावे लागले.

कात्रियांकाचे प्रकरण चिलीत लहान मुलालाही ठाऊक आहे. 14 नोव्हेंबर 2018 रोजी हा 24 वर्षांचा तरुण शेतावरून ट्रॅक्टरने परतत होता. बरोबर पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. काही शिक्षिकांच्या गाड्या पळवणाऱ्यांचा पाठलाग करत आलेल्या 'कोमांदो हुंगला' या विशेष पथकाने गोळीबार केला आणि डोक्यात गोळी लागून कामिलो मरण पावला. हे पथक त्याच वर्षी जूनमध्ये मोठ्या थाटाने जनतेपुढे आणले गेले होते आणि त्यातील पोलिसांनी कोलंबियात प्रशिक्षण घेतले होते. चकमकीत गोळी लागली, असे आधी सांगण्यात आले. चित्रण नाही, असेही सांगण्यात आले. मग असे उघड झाले की कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड एका पोलिसाने नष्ट केले होते. पोलिसप्रमुखांना पद सोडावे लागले आणि जानेवारी 2021 मध्ये गोळी झाडणाऱ्या हवालदाराला सोळा वर्षांची शिक्षा झाली. ही शिक्षा हा अपवाद आहे, असे चालक म्हणाला, आणि त्याने नावे मोजून दाखवली: 2002 मध्ये आलेक्स लेमुन, वय 17, 2008 मध्ये शेतीशास्त्राचा विद्यार्थी मातियास कात्रिलेओ, पाठीत गोळी, 2009 मध्ये हाइमे मेंदोसा कोयियो, 24.

फाट्यावरून दिसणारी टेकडी दाखवत त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी बातम्यांत सहसा येत नाही. या शतकाच्या सुरुवातीला तेमुकुइकुइच्या लोकांनी 'अलास्का' नावाच्या मोठ्या शेतावरचा हक्क लढून मिळवला. कोनादीने ते वनकंपनीकडून विकत घेऊन त्यांना दिले. ज्या गावाचे नाव राजधानीत भीतीने उच्चारले जाते, ते लढून जमीन परत मिळवलेल्यांचेही गाव आहे. माझ्या मते पोलिसी बंदोबस्त येथे एवढा जड असण्यामागे गुन्हेगारीइतकेच हेही एक कारण आहे.

बुधवार, त्राइगेन, लुमाको, पुरेन

आजचा सगळा दिवस झाडांमध्ये गेला आणि तरीही सावली म्हणावी अशी कोठे मिळाली नाही. त्राइगेनच्या पश्चिमेला नाउएल्बुता डोंगररांगेच्या पायथ्याशी टेकड्यांमागून टेकड्या पाइन आणि निलगिरीने भरलेल्या आहेत, एका वयाच्या, एका उंचीच्या, आखलेल्या रांगांत. मध्येच एखादी पूर्ण टेकडी मुळापर्यंत कापून मोकळी केलेली, लाल मातीवर चाकांचे वळसे आणि ओंडक्यांचे ढीग. पक्ष्याचा आवाज नाही. लुमाको तालुक्याचे निम्म्याच्या आसपास क्षेत्र अशा लागवडीखाली गेले आहे.

हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी पुन्हा कागदांकडेच यावे लागते. 1970 च्या सुमारास कृषी सुधारणेच्या काळात मापुचेंनी लाखाहून अधिक हेक्टर जमीन परत मिळवली होती. राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारचे कृषिमंत्री जाक चोंचोल यांनी तर 1971 च्या आरंभी आपले कार्यालयच तेमुकोला हलवले होते. सप्टेंबर 1973 च्या लष्करी उठावानंतर ही जमीन बहुतांशी काढून घेण्यात आली. पुढच्याच वर्षी आलेल्या 701 क्रमांकाच्या वटहुकमाने वनलागवडीचा तीन चतुर्थांश खर्च सरकार देईल असे ठरवले, आणि वनमहामंडळाच्या प्रमुखपदी लष्करी हुकूमशहा पिनोचेत यांचे जावई बसले. स्वस्तात मिळालेली जमीन आणि सरकारी पैशाने लावलेली झाडे, यांवर आज आराउको आणि मिनिंको या दोन कंपन्यांची साम्राज्ये उभी आहेत. 1979 च्या आणखी एका वटहुकमाने उरलेल्या सामाईक जमिनींची वाटणी सुरू केली. त्याच्या मूळ मसुद्यात असे स्पष्ट म्हटले होते की वाटणी झाल्यावर ती जमीन आदिवासी जमीन राहणार नाही आणि तिचे मालकही आदिवासी राहणार नाहीत. टीकेनंतर ते वाक्य बदलले गेले, वाटणी मात्र चालू राहिली आणि एकेका कुटुंबाच्या हाती पोटापुरतेही न पिकणारे तुकडे आले.

रस्त्याकडेच्या एका घराशी थांबलो. अंगणात ओट्यावर निळी प्लॅस्टिकची टाकी होती, तिच्यावर पालिकेचा क्रमांक रंगवलेला, आणि झाकणावर दगड ठेवलेला. घरातील बाई टाकीच्या नळाखाली बादली धरून उभ्या होत्या आणि पाणी करंगळीएवढ्या धारेने येत होते. वरच्या टेकडीवर निलगिरी लावल्यापासून विहीर डिसेंबरातच आटते, मग मार्चपर्यंत टँकर, आणि टँकर रस्ता चांगला असेल त्याच दिवशी येतो, असे त्या म्हणाल्या. बादलीतले पाणी आधी भांड्यांना, तेच पुढे कोंबड्यांना आणि उरलेले वाफ्याला. एरवी दक्षिण चिली हा पावसाचा प्रदेश. हिवाळ्यात येथे चिखलातून चालणे मुश्कील होते. निलगिरी दहा-पंधरा वर्षांत तोडणीला येते आणि त्या काळात ती पाणी खेचतच असते. 2023 च्या फेब्रुवारीतील वणव्यात पुरेनची घरेही जळाली, आणि वणव्याला एवढे सलग, तेलकट सरपण कोणी रचून ठेवले हा प्रश्न त्या बाईंनी विचारला, तेव्हा भावाने अनुवाद करण्याआधीच मला तो समजला होता.

लुमाकोच्या जवळच 1 डिसेंबर 1997 रोजी ओंडके वाहून नेणारे तीन ट्रक जाळण्यात आले आणि संघर्षाचे आजचे पर्व तेथून सुरू झाले असे मानतात. पुढच्या वर्षी कोओर्दिनादोरा आराउको-मायेको ही संघटना स्थापन झाली. कंपन्यांची यंत्रे जाळणे हे ती उघडपणे आपले साधन मानते. सरकारने उत्तरादाखल पिनोचेतच्या काळातला 1984 चा दहशतवादविरोधी कायदा बाहेर काढला. त्राइगेनजवळच्या तेमुलेमुचे लोंको, म्हणजे समाजप्रमुख, पास्कुआल पिचुन आणि दिदाइकोचे लोंको आनिसेतो नोरिन यांना 2003 मध्ये 'दहशतवादी आगीची धमकी' दिल्याबद्दल पाच वर्षे आणि एक दिवस अशी शिक्षा झाली. प्रत्यक्ष आग लावल्याच्या आरोपातून ते सुटले होते. साक्षीदार पडद्याआडून, नाव न सांगता साक्ष देत होते. आंतरअमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने 29 मे 2014 रोजी चिलीला दोषी ठरवले आणि शिक्षा देताना न्यायालयांनी वांशिक पूर्वग्रहाने तर्क केला असे नोंदवले. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करायला 2019 उजाडले. पिचुन 2013 मध्येच वारले होते.

गुरुवार, कान्येते

कोंतुल्मोचा घाट उतरून कान्येतेला आलो. येथील मापुचे संग्रहालय सरकारी असले तरी त्याचे नाव आता मापुदुंगुन भाषेत आहे आणि मांडणी आसपासच्या समाजांशी सल्लामसलत करून नव्याने केलेली आहे. चांदीचे दागिने आणि विणकाम देखणे आहे, पण मी तेथे फार वेळ रमले नाही, कारण येण्याच्या वाटेवर तीन पोलीस चौक्यांवर कागद दाखवावे लागले होते आणि डोक्यात तेच होते.

27 एप्रिल 2024 रोजी, काराबिनेरोस पोलिसांच्या स्थापनादिनीच, कान्येते तालुक्यात तीन पोलिसांना ठार करून त्यांच्या गाडीसह जाळण्यात आले. काही दिवसांनी, मे महिन्यात, कोओर्दिनादोराचे नेते एक्तोर याइतुल यांना अन्य आरोपांवरून तेवीस वर्षांची शिक्षा झाली. जमिनीचा प्रश्न न्याय्य आहे असे मानणाऱ्या माणसालाही या तीन मृत्यूंना वळसा घालून पुढे जाता येत नाही. जानेवारी 2013 मध्ये विल्कुनजवळ घराला लावलेल्या आगीत मेलेले लुचसिंगर-मॅके हे वृद्ध दांपत्य, जळालेल्या ट्रकांचे हप्ते फेडणारे चालक, हेही याच हिशेबात येतात. मात्र या गुन्ह्यांचा तपास ज्या यंत्रणेने करायचा तिचीच पत काय आहे, हेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर 2017 मध्ये 'ऑपरेशन उराकान' या नावाने आठ मापुचे कार्यकर्त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशांच्या आधारे अटक झाली. चारच महिन्यांत सरकारी वकिलांनी जाहीर केले की ते संदेश पोलिसांनीच फोनमध्ये घुसडले होते.

शुक्रवार, बुदी सरोवर

किनाऱ्याकिनाऱ्याने तिरुआवरून खाली आलो. पुएर्तो साआवेद्रा हे गाव 1960 च्या भूकंपानंतरच्या लाटांनी पुसून टाकले होते. ते पुन्हा बांधले, नाव मात्र जिंकणाऱ्या सेनाधिकाऱ्याचेच ठेवले. जवळचे बुदी हे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे आणि त्याच्या काठी लाफकेंचे, म्हणजे समुद्रकाठचे मापुचे, राहतात. याग्वेपुयी येथील कुटुंबे प्रवाशांना आपल्या रुकात, गवताने शाकारलेल्या पारंपरिक घरात, ठेवून घेतात.

आमच्या यजमानीण बाईंना सगळे आदराने 'पापाय' म्हणत. मधोमध चूल, वर धुराने काळे झालेले वासे, चुलीवर माते पेयासाठी पाण्याची किटली. शिजवलेल्या गव्हाच्या कुटून केलेल्या लांबट वड्या, कातुतो, मधाबरोबर आल्या. जेवण झाल्यावर पापाय एका ट्रंकेतून प्लॅस्टिकची फाइल घेऊन आल्या, आणि मी सोमवारी दफ्तरखान्यात पाहिला तसाच नकाशा, झेरॉक्सची झेरॉक्स काढून पुसट झालेला, चुलीच्या उजेडात समोर आला. कोपऱ्यावरच्या एका खुणेवर कोणीतरी बॉलपेनने गोल केला होता. त्या गोलापासून सरोवरापर्यंतचा पट्टा आज त्यांच्या ताब्यात नाही. मी विचारले, मागणीचा अर्ज कधी केला? त्यांनी आपल्या मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, "आईने केला तेव्हा मी शाळेत होतो." तो आता दोन मुलांचा बाप आहे.

समुद्राच्या बाबतीत त्यांची स्थिती थोडी बरी आहे. 2008 च्या लाफकेंचे कायद्याने किनाऱ्यावरील समाजांना परंपरेने वापरात असलेल्या समुद्रपट्ट्याचा ताबा मागता येतो, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्या पट्ट्यावरील इतरांचे अर्ज अडून राहतात. साहजिकच सॅल्मन माशांच्या शेतीचा उद्योग या कायद्यामागे हात धुऊन लागला आहे.

शनिवार, तेमुको

पापायचा पुतण्या तेमुकोत वकिलीचे शिक्षण घेतो. बस रात्रीची होती, त्यामुळे दुपारभर त्याच्याशी बोलता आले. मी आणीबाणीबद्दल विचारत होते आणि तो पुनःपुन्हा फ्रान्सिस्का लिंकोनाओ यांच्याकडे येत होता. लिंकोनाओ या माची, म्हणजे वैद्य आणि पुरोहित. शेजारच्या जमीनदाराची कंपनी औषधी वनस्पती असलेले देशी जंगल आणि झऱ्याकाठचा परिसर तोडू लागली, तेव्हा त्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकल्या. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या आदिवासी हक्कांविषयीच्या 169 क्रमांकाच्या कराराचा आधार देऊन लागलेल्या चिलीतील पहिल्या निकालांपैकी हा एक. पुढे लुचसिंगर-मॅके प्रकरणात त्याच लिंकोनाओंवर दहशतवादाचा आरोप ठेवला गेला, वयाच्या साठीत त्यांनी तुरुंगात उपोषण केले, 2017 मध्ये निर्दोष सुटल्या, खटला पुन्हा चालवला गेला आणि 2018 मध्ये पुन्हा निर्दोष सुटल्या. 2021 मध्ये त्या चिलीच्या नव्या राज्यघटनेचा मसुदा लिहिणाऱ्या घटना परिषदेवर निवडून आल्या. त्या परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा, भाषाशास्त्रज्ञ एलिसा लोंकोन, याही मापुचेच.

"आणि मग सप्टेंबर 2022," पुतण्या म्हणाला. चिलीला अनेक राष्ट्रांचे राज्य मानणारा तो मसुदा देशात 62 टक्के मतांनी फेटाळला गेला आणि खुद्द आराउकानियात विरोधी मते 74 टक्क्यांच्या जवळ गेली. मापुचे वस्तीच्या कित्येक गावांतही विरोधच झाला. मी कारण विचारले, तेव्हा त्याने एक नव्हे चार कारणे दिली: जाळपोळीला कंटाळलेले लोक, इव्हान्जेलिकल चर्च, लहान तुकडा हातचा जाईल ही अफवा, आणि मापुचेंमधले जे लोक मुळात चिलीच्या घटनेत आपली जागा शोधतच नाहीत ते. 2017 च्या जनगणनेत स्वतःला मापुचे म्हणवणारे साडेसतरा लाख लोक होते आणि त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक सांतियागोच्या महानगरात राहतात; एवढ्या लोकांचे एकच मत असावे ही अपेक्षा आपण दुसऱ्या कोणत्या समाजाकडून करतो, असे त्याने विचारले.

जमिनीबद्दल त्याचे म्हणणे अधिक कोरडे होते. 1993 च्या कायद्याने केलेला जमीननिधी वादातील जमीन बाजारभावाने विकत घेतो. सरकार गिऱ्हाईक आहे हे कळल्यावर भाव चढतात, त्याच पैशात कमी हेक्टर येतात, रांग लांबते, आणि कधी कधी समाजाला घरापासून दूरच्या तालुक्यातील शेत घ्या असे सांगितले जाते. ज्याच्या आजोबांनी कुंपण सरकवले त्याच्या नातवाला पूर्ण किंमत मिळते. यावर तोडगा काढण्यासाठी राष्ट्राध्यक्ष बोरिच यांनी जून 2023 मध्ये 'शांतता आणि सामंजस्य' आयोग नेमला होता. आम्ही बोलत होतो तेव्हा त्याचे काम चालू होते.

मी परत आल्यावर, मे 2025 मध्ये, त्या आयोगाने अहवाल दिला. आठपैकी सात सदस्यांची संमती होती, शेतमालकांच्या बाजूच्या एका सदस्याने विरोध केला. जमिनीऐवजी किंवा जमिनीबरोबर पैसे, विकासकामे असे पर्याय समाजांनी निवडावेत आणि दाव्यांचा निकाल स्वतंत्र व्यवस्थेने द्यावा, असे त्यात सुचवले आहे. दरम्यान फेब्रुवारीत जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या जागी नवा आणि काही बाबतींत अधिक व्यापक कायदा आला होता. मी पुतण्याला पत्र लिहून अहवालाबद्दल विचारले. त्याच्या उत्तरात आयोगाविषयी दोनच ओळी होत्या. बाकी पत्र पापायच्या घरी झालेल्या बैठकीचे होते. पैशाचा पर्याय घ्यावा असे तरुणांपैकी काहींचे म्हणणे पडले, कारण सरोवराकाठी आता शेतीपेक्षा प्रवाशांचे उत्पन्न अधिक आहे. बराच वाद झाला. शेवटी नकाशातला तो बॉलपेनने गोल केलेला पट्टाच मागायचा असे बहुमताने ठरले आणि कोनादीकडे अर्जाचे नूतनीकरण करताना या वेळी दफ्तरखान्यातून नवी प्रमाणित प्रत काढून जोडली आहे, कारण आधीची वाचता येत नाही असा शेरा मारून त्यांचा अर्ज एकदा परत आला होता.